थ्रेडनीडल स्ट्रीटपासून गीनपर्यंत: एका विणकर घराण्याचा चर्चनोंदींतून माग (प्रकल्प नोंदी)

लंडनच्या बेथनल ग्रीनमधलं रेशीम विणकरांचं एक घराणं. घरात चालत आलेली माहिती एवढीच की ‘आपण ह्यूगेनॉट’, म्हणजे छळामुळे फ्रान्स सोडून आलेल्या प्रोटेस्टंटांचे वंशज. त्यांचं फ्रान्समधलं मूळ गाव कागदाच्या आधारे ठरवायचं, हे काम. आडनाव इथे देत नाही. घराण्याला ‘वंश द’ म्हटलं आहे. आडनावाआधी कधी ‘द’, कधी ‘द्यू’ लागतं आणि कधी काहीच लागत नाही, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.

१२ जानेवारी २०२५

सुरुवात नेहमीप्रमाणे मागून. १८५१ च्या जनगणनेत वय आणि जन्माचा पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतली वस्ती) दोन्ही मिळतात. १८४१ ची जनगणना आधाराला घ्यायची, पण तिच्यावर विसंबायचं नाही. तिथे पंधरा वर्षांवरच्या माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची सूचना होती; चौतीस वर्षांचा माणूस तीसचा दिसतो. जन्मस्थळही त्याच परगण्यातलं आहे की नाही, एवढंच. इंग्लंडमधली सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली. त्याच्या मागे सगळा कारभार चर्चच्या वह्यांचा.

वंश द चा इथवरचा सर्वांत जुना पक्का दुवा: १७८० च्या दशकातला एक बाप्तिस्मा, अँग्लिकन (इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या) पॅरिशमध्ये, बाप विणकर.

१८ जानेवारी

शोधाआधी आडनावाची रूपं लिहून काढली. हे काम कंटाळवाणं, पण टाळलं की पुढे सगळं अडतं. सूचीत ‘द’ कधी आडनावाला जोडलेला, कधी सुटा. त्यामुळे एकच माणूस सूचीच्या दोन टोकांना सापडतो. ‘यू’ आणि ‘व्ही’ यांत लेखक फरक करत नाही, ‘आय’ आणि ‘जे’ यांतही नाही. जुन्या लेखनातला ‘एफ’सारखा दिसणारा लांब ‘एस’ संगणकी वाचनात ‘एफ’ होतो. इंग्रज कारकुनाने ऐकून लिहिलेलं रूप वेगळंच, आणि त्याहून पुढे सरळ भाषांतर: ल ब्लाँचे व्हाइट झाले, बुलांजेचे बेकर. नावांचंही तेच. झाकचा जेम्स, एतिएनचा स्टीफन, गियोमचा विल्यम.

एक इशारा इथेच नोंदवून ठेवतो. फ्रेंच वळणाचं आडनाव हा ह्यूगेनॉट असल्याचा पुरावा नाही. ते नॉर्मन काळापासून इंग्लंडात असू शकतं, चॅनल बेटांवरून आलेलं असू शकतं, किंवा १५६० च्या दशकात ड्यूक ऑफ अल्बाच्या जाचातून स्पॅनिश नेदरलँड्समधून (आजच्या बेल्जियमच्या बाजूने) निघालेल्या वालून, म्हणजे तिथल्या फ्रेंच बोलणाऱ्या, लोकांचं असू शकतं. ते लोक १६८५ च्या, म्हणजे ह्यूगेनॉटांच्या मोठ्या पलायनाच्या, शंभर-सव्वाशे वर्षं आधीच आले होते. अब्राहाम, इझाक, ज्युडिथ, एस्तेर अशी जुन्या करारातली नावं दिसली की उत्साह वाढतो, पण तोही पुरावा नव्हे.

२ फेब्रुवारी

१७८० च्या मागे अडथळा अपेक्षित होता, तसाच आला. लग्न फ्रेंच चर्चमध्ये सापडत नाही. कारण हार्डविकचा विवाह कायदा. २५ मार्च १७५४ पासून इंग्लंडात लग्न अँग्लिकन चर्चमध्येच लागलं पाहिजे. सूट फक्त क्वेकर आणि ज्यू यांना. फ्रेंच मंडळींना नाही. म्हणून १७५४ नंतर त्यांची लग्नं पॅरिश चर्चच्या वहीत शोधायची, बाप्तिस्मे मात्र फ्रेंच चर्चमध्ये चालू असू शकतात.

१७५४ च्या आधीही सगळी लग्नं फ्रेंच वहीत असतील असं नाही. परवाना काढून अँग्लिकन चर्चमध्ये लग्न करणारे बरेच. त्याखेरीज फ्लीट तुरुंगाच्या आसपास गुपचूप लागलेली लग्नं. त्या वह्या लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आर.जी. ७ या मालिकेत आहेत. तारखा तिथे भरवशाच्या नाहीत; मागच्या तारखा घालून द्यायचा धंदाच होता.

पॅरिश शोधताना हद्दी तपासा. स्पिटलफील्ड्स ही आधी स्टेपनी पॅरिशमधली वाडी होती. तिथलं क्राइस्ट चर्च १७२९ चं. बेथनल ग्रीन स्वतंत्र पॅरिश झालं १७४३ मध्ये, सेंट मॅथ्यू चर्च १७४६ मध्ये उघडलं. त्याआधीचं सगळं सेंट डनस्टन, स्टेपनी इथे. घर हललेलं नसतं, पॅरिश बदललेलं असतं.

१५ फेब्रुवारी

आता प्रश्न, कुठलं फ्रेंच चर्च? १७०० च्या सुमारास लंडनमध्ये वीसहून जास्त होती. ढोबळ वाटणी अशी: पश्चिमेकडे सॅव्हॉय, लेस्टर फील्ड्स, ले ग्रेक, पूर्वेकडे विणकरांची लार्तिय्येरी, ला पातांत आणि इतर, आणि सगळ्यांची आई म्हणजे शहरातलं थ्रेडनीडल स्ट्रीट. सॅव्हॉयसारखी काही चर्चं अँग्लिकन उपासना फ्रेंचमध्ये करत, थ्रेडनीडल मात्र कॅल्व्हिन या प्रोटेस्टंट सुधारकाच्या शिस्तीचं. घराणं बहुधा एका पंथाला धरून राहतं, पण बाप्तिस्म्यासाठी जवळचं चर्च गाठणंही होतं.

थ्रेडनीडलला सहाव्या एडवर्डची सनद १५५० ची, पण हाती असलेल्या वह्या १६०० पासून. इमारत १६६६ च्या आगीत गेली आणि पुन्हा उभी राहिली. फ्रेंच आणि वालून चर्चांच्या मूळ वह्या १८४० च्या कायद्यान्वये सरकारजमा झाल्या, त्या आर.जी. ४ मालिकेत आहेत आणि छायाचित्रं सशुल्क संकेतस्थळांवर पाहता येतात. छापील पाठ ह्यूगेनॉट सोसायटीच्या क्वार्टो मालिकेत. ही सोसायटी १८८५ ची, म्हणजे फ्रान्समधल्या प्रोटेस्टंटांना उपासनेची मुभा देणारा नॅन्टचा आदेश रद्द झाल्याला दोनशे वर्षं झाली तेव्हाची.

क्रम असा ठेवला: आधी छापील सूची, मग छापील नोंद, मग मूळ पानाचं छायाचित्र. तिसरी पायरी गाळू नये. छापणाऱ्याने संक्षेप केलेला असतो, समासातली टीप गाळलेली असते, आणि खोडलेलं नाव तर हमखास सुटतं.

वंश द चे तीन बाप्तिस्मे लार्तिय्येरीत सापडले, त्याआधीचे थ्रेडनीडलमध्ये.

२ मार्च

मूळ नोंद वाचायची रीत. वरती दिनांक, त्याखाली मुलाचं नाव, मग ‘अमक्याचा मुलगा’, आणि लगेच ‘व त्याची बायको तमकी’. बायकोचं आडनाव माहेरचं. फ्रेंच वहीत लग्न झालेली बाई कागदावर माहेरच्या नावानेच राहते, आणि या कामातला हा सर्वांत मोठा आधार. त्या काळच्या इंग्रजी पॅरिश वहीत आई म्हणजे नुसती ‘मेरी’, पुढे भिंत. इथे तीच मेरी आपल्या बापाच्या आडनावासकट उभी असते. नोंदीच्या शेवटी पारँ आणि मारेन, म्हणजे धर्मपिता आणि धर्ममाता; कधी नुसतं ‘साक्षी’ असं लिहून दोन नावं.

चुकायच्या जागा. ‘फ्य’ हा बारका शब्द नावाआधी आला की तो माणूस वारलेला. वाचताना तो सहज निसटतो आणि मेलेल्या आजोबाला पुढच्या नोंदींत जिवंत शोधत बसावं लागतं. ‘व्हव्ह’ म्हणजे विधवा. तिच्यापुढचं नाव नवऱ्याचं, तिच्या बापाचं नव्हे. महिन्यांचे संक्षेप तर सापळाच: आकडा सात आणि पुढे ‘ब्र’ लिहिलं की तो सप्टेंबर, जुलै नाही. आठ म्हणजे ऑक्टोबर, नऊ म्हणजे नोव्हेंबर, आणि रोमन दहा म्हणजे डिसेंबर. इंटरनेटवरच्या हौशी वंशावळींत सप्टेंबरचे जुलै झालेले ढिगाने दिसतात.

अक्षर लागत नसेल तर त्याच लेखकाची आगेमागे दहा-पंधरा पानं आधी वाचावीत आणि ओळखीच्या नावांवरून त्याची अक्षरं उचलावीत. मोडी वाचणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. आधी लिहिणाऱ्याचा हात ओळखायचा, मग मजकूर.

९ मार्च

तारखांचा गुंता आजच सोडवला, नाहीतर पुढे सगळं उलटंपालटं होतं. फ्रान्सने ग्रेगोरियन पंचांग डिसेंबर १५८२ मध्ये घेतलं. इंग्लंडने सप्टेंबर १७५२ मध्ये. २ तारखेनंतर एकदम १४. तोपर्यंत इंग्लंड दहा दिवस मागे, १७०० पासून अकरा दिवस. शिवाय इंग्लंडात वर्ष २५ मार्चला बदलायचं.

आमच्याच कामातलं उदाहरण, मे महिन्यात सापडलेल्या वहीवरून इथे मागाहून जोडलेलं. गीनच्या (उत्तर फ्रान्समधल्या कॅले बंदराजवळचं गाव) वहीत एका मुलीचा बाप्तिस्मा मार्च १६८५. लंडनच्या वहीत त्याच आईबापांच्या नावाने आणखी एक बाप्तिस्मा, २० फेब्रुवारी १६८५. वरवर पाहिलं तर लंडनची नोंद आधीची, म्हणजे ही दोन वेगळी कुटुंबं. प्रत्यक्षात लंडनचा २० फेब्रुवारी १६८५ म्हणजे फ्रान्समधला २ मार्च १६८६. सगळा हिशेब सुरळीत लागतो: मुलगी जन्मली, ऑक्टोबर १६८५ मध्ये चौदाव्या लुईने नॅन्टचा आदेश रद्द करणारा फाँतेनब्लोचा आदेश काढला, कुटुंब निघालं.

तक्त्यात आता दोन रकाने: नोंदीतली तारीख जशीच्या तशी, आणि शेजारी नवी पद्धत. मूळ तारीख कधीही बदलून लिहायची नाही. जानेवारी ते मार्चमधल्या नोंदींसाठी वर्षाचा आकडा वहीत कोणत्या पानावर बदलतो ते पाहायचं. एकाच चर्चमध्ये एक लेखक जानेवारीत वर्ष बदलतो, दुसरा मार्चमध्ये, आणि तिसरा दोन्ही वर्षं तिरप्या रेघेने लिहितो.

३० मार्च

धर्मपित्यांचा तक्ता पुरा झाला. रकाने: तारीख, चर्च, मूल, बाप, आई माहेरच्या आडनावासह, पारँ, मारेन, शेरा. वंश द च्या दोन पिढ्यांचे लंडनमधले सगळे बाप्तिस्मे यात भरले. त्यानंतर उलट शोध: वंश द मधली माणसं स्वतः कुणाच्या मुलांचे पारँ-मारेन झाली? हा दुसरा शोध बहुतेक जण करत नाहीत, आणि खरा माल तिथेच मिळतो.

निष्कर्ष रोखठोक. आडनावावरून इंग्लंड-फ्रान्समधली खाडी ओलांडायचा प्रयत्न करू नये. ओलांडायचं ते सोबत्यांच्या आधाराने आणि गावाच्या नावाने. माणसं एकटी पळाली तरी परक्या शहरात गाववाल्यांजवळच राहिली आणि मूल हातात द्यायला गाववालाच बोलावला. तक्त्यात चार आडनावं पुन्हापुन्हा येतात, त्यांत वंश द च्या आईचं माहेरही आहे. ही चारही आडनावं एकाच जागी जिथे भेटतील, ते गाव.

१३ एप्रिल

सोबत्यांच्या चार आडनावांसह दोन प्रकारचे कागद पाहिले.

पहिला तेमवान्याज. एका मंडळीतून दुसरीकडे जाणाऱ्या सभासदाला तिथल्या पाळकाने आणि वडीलजनांनी दिलेला दाखला. थ्रेडनीडलला सादर झालेल्या दाखल्यांची वही १६६९ ते १७८९ ची असून क्वार्टो मालिकेच्या एकविसाव्या खंडात छापली आहे. दाखला कुठल्या चर्चचा हे लिहिलेलं असतं. पण काळजी घ्या: ते शेवटचं चर्च, जन्मगाव नव्हे. डोव्हर किंवा कँटरबरीत दोन वर्षं काढून लंडनला आलेल्या माणसाचा दाखला कँटरबरीचाच असणार.

दुसरा रकोनेसाँस. १६८५ नंतर फ्रान्समध्ये ज्यांनी जबरदस्तीखाली कॅथलिक होण्यावर सही केली किंवा जे मिसाला (कॅथलिक उपासनेला) जाऊन बसले, त्यांना लंडनला पोचल्यावर मंडळीसमोर ती चूक उघड कबूल करावी लागे. त्यानंतरच प्रभुभोजनाला प्रवेश. १६८६ पासून पुढची काही वर्षं या नोंदींची रांग लागते. इथे नाव असलं तर तो माणूस १६८५ च्या तडाख्यात फ्रान्समध्येच होता हे नक्की. म्हणजे आधीच्या वालून लाटेतला नाही. कालनिर्णयाला याहून सरळ पुरावा क्वचितच मिळतो.

चारांपैकी दोन आडनावांपुढे कॅलेच्या परिसराचं नाव. तिसऱ्याचा दाखला कँटरबरीचा.

४ मे

कॅलेचे प्रोटेस्टंट उपासनेला शहरात जमत नसत. नॅन्टच्या आदेशाने जागा ठरवून दिलेल्या होत्या आणि त्यांचं मंदिर, म्हणजे प्रोटेस्टंट प्रार्थनागृह, काही मैलांवरच्या गीनला होतं. हे सगळीकडे लागू. लंडनच्या वहीत ‘रुआँचा राहणारा’ असं लिहिलेलं असलं तरी वही शोधायची ल ग्राँ-केव्हीयीची, कारण रुआँवाल्यांचं मंदिर तिथे. पॅरिसवाल्यांचं शारांतोनला होतं. त्या वह्या १८७१ च्या आगीत गेल्या, म्हणून पॅरिसच्या घराण्यांना दुसरी वाट धरावी लागते. ला रोशेलच्या वह्या मात्र सोळाव्या शतकापासून उत्तम टिकल्या आहेत. नशिबाचा भाग बराच असतो.

गीनची वही १६६८ ते १६८५ एवढी टिकली. क्वार्टो मालिकेचा तिसरा खंड. चारही आडनावं तिथे आहेत. वंश द चं लग्नही आहे, दोघांच्या बापांच्या नावांसह, आणि नवरीचा बाप ‘फ्य’. लंडनच्या तक्त्यातला एक पारँ हा नवरीचा भाऊ निघाला.

गीनच्या वहीत कॅले, आर्द्र, बूलोन आणि आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं आहेत. शेतकरी, व्यापारी, कारागीर सगळे. म्हणून ‘गीनचे’ असं न लिहिता ‘गीन मंडळीतले’ असं लिहिलं; राहतं गाव नोंदीत वेगळं दिलेलं असेल तरच ते मांडायचं.

१७ मे

एकाच नावाचे दोघे. दोघेही पिएर, दोघेही वंश द, वयात चार-पाच वर्षांचं अंतर. चुलतभाऊ असावेत. लंडनला आलेला कुठला?

सोडवण्याची रीत: दोघांच्या आयुष्याच्या दोन वेगळ्या पट्ट्या आखल्या, आणि प्रत्येक नोंद कुठल्या पट्टीत अशक्य ठरते ते पाहिलं. एका पिएरच्या बायकोचं माहेर लंडनच्या आईशी जुळतं, दुसऱ्याचं जुळत नाही. दुसरा पिएर १६८६ नंतर फ्रान्समधल्या कॅथलिक पॅरिशच्या वहीत ‘नवधर्मांतरित’ अशा शेऱ्यासह दिसतो. पा-द-कॅलेच्या विभागीय अभिलेखागाराने या पॅरिश वह्यांची पानं इंटरनेटवर फुकट ठेवली आहेत. मागे राहिलेल्यांना तिथेच शोधायचं, कारण १६८५ नंतर प्रोटेस्टंट वहीच उरली नाही. त्यांना पुन्हा स्वतःच्या नावाने नोंद मिळाली ती १७८७ च्या सहिष्णुता आदेशाने.

आणखी एक खूण: मूल दगावलं की पुढच्या मुलाला तेच नाव. दोन बाप्तिस्मे एकाच नावाचे आणि आईबाप तेच, तर पहिलं बहुधा गेलेलं. थ्रेडनीडलला स्वतःची दफनभूमी नव्हती, त्यामुळे मृत्यूची नोंद पॅरिशच्या दफनवहीत शोधायची, आणि तिथलं आडनाव इंग्रज कारकुनाच्या कानाला जसं लागलं तसं.

८ जून

बाजूचे कागद, थोडक्यात.

मृत्युपत्रं: कँटरबरीच्या प्रिरॉगेटिव्ह कोर्टाची (मृत्युपत्रं मंजूर करणारं चर्चचं न्यायालय), प्रॉब ११ मालिका. फ्रेंच मृत्युपत्राचं इंग्रजी भाषांतर वहीत चढवलेलं असतं. ‘अमुक फ्रेंच चर्चच्या गरिबांना इतके पाउंड’ असं वाक्य आलं की मंडळी कळली.

शिकाऊ करार: १७१० ते १८११ च्या कराच्या वह्या, आय.आर. १. सुमारे १७५० पर्यंत मुलाच्या बापाचं नाव मिळतं, पुढे बहुधा नाही.

फ्रेंच रुग्णालय ‘ला प्रोव्हिदांस’, सनद १७१८. नाव रुग्णालयाचं, काम मुख्यतः म्हाताऱ्या गरिबांच्या आसऱ्याचं. दाखल होणाऱ्याचं वय आणि जन्मस्थान लिहिलेलं असल्यामुळे, १७२०-३० पर्यंत जगलेला पहिल्या पिढीचा माणूस इथे आपलं गाव सांगून जातो. वंश द ची एक विधवा आत्या इथे सापडली, जन्म कॅलेजवळ. नाव ओळखीचं नसतं तर तिच्याकडे कुणी पाहिलं नसतं.

नागरिकत्वाच्या याद्या: पाहिल्या, काही नाही. अपेक्षाही नव्हती, त्या खर्चिक होत्या, व्यापारी सापडतात, मागावरचे विणकर क्वचित.

डीएनए: नऊ-दहा पिढ्यांमागच्या एका पूर्वजाचा वाटा इतका तुटपुंजा, आणि कधी शून्यच, की गाव ठरवायला तो कामाचा नाही.

एकोणिसाव्या शतकात घराण्यातलं कुणी ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत मुंबई इलाख्यात आलं असेल, तर त्याचा बाप्तिस्मा-लग्न-दफन ब्रिटिश लायब्ररीतल्या एन/३ मालिकेत पाहायचं. मुंबईच्या या चर्चनोंदी १७०९ पासूनच्या. वंश द पुरतं हे पान कोरं.

२२ जून

पुराव्याची प्रतवारी केली. बेथनल ग्रीन ते लार्तिय्येरी: पक्कं. लार्तिय्येरी ते थ्रेडनीडल: पक्कं, आईच्या माहेरामुळे. थ्रेडनीडल ते गीन: पक्कं धरायला हरकत नाही; नवरा-बायको दोघांची नावं, लेकीचं नाव, मेहुणा पारँ आणि विधवा आत्याचं जन्मस्थान असे चार स्वतंत्र धागे. एकच धागा असता तर ‘संभाव्य’ लिहिलं असतं.

१६६८ च्या मागे गीनची वही नाही. पुढची वाट दोन्हीकडून. कँटरबरीच्या वालून चर्चची वही १५८१ पासूनची, क्वार्टो मालिकेचा पाचवा खंड. तिच्यात लग्नाच्या नोंदींत मूळ गाव देण्याची पद्धत आहे, म्हणून तिथे ‘कॅलेचा’ किंवा ‘गीनचा’ असा शेरा आणि चारपैकी एखादं आडनाव शोधायचं. दुसरीकडे फ्रान्समधले नोटरीचे कागद: लग्नाचा करार हा पाळकाकडे नव्हे, नोटरीकडे होई, आणि त्यात आईबाप, काका, हुंडा, जमीन सगळं येतं. शिवाय पॅरिसच्या राष्ट्रीय अभिलेखागारातली टी.टी. मालिका, जिच्यात परागंदा प्रोटेस्टंटांच्या जप्त मालमत्तेचे कागद आहेत.

नोटरीच्या कागदांना नावांची सूची नसते. नोटरीचं गाव आणि वर्ष धरून गठ्ठा मागवावा लागतो. म्हणून मागणीपत्रात आडनाव न घालता एवढंच लिहिलं आहे: गीन आणि कॅले इथले नोटरी, १६७५ ते १६८४, विवाहकरार.